मागे वयस्कर बाई, चिडलेली

मावशींचा कान हा त्यांच्या घरात चेष्टेचा विषय होता. बंद दारामागे कुणी गोळीचं पाकीट फोडलं तरी त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "डोकं दुखतंय का रे?" नवरा हयात असताना पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरात कुजबुजायचं असेल तर आधी बाहेर फिरायला जावं लागतं." मावशी लटक्या रागाने त्याच्याकडे बघत, पण मनातून त्यांना बरं वाटे.

त्या कानावरच त्यांनी आयुष्य काढलं होतं. लग्नाआधीपासून त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. फोन जोडायला बोर्डात दोर खोचायचा, दोन्हीकडचं हॅलो जुळलं की आपला कान काढून घ्यायचा, असा तिथला नियम. सगळ्याजणी तो पाळत नसत. दुपारी काम ढिलं पडलं की कुणाचं कुणाशी काय चाललंय हे निम्म्या एक्स्चेंजला ठाऊक असे. "माझ्या तोंडून कधी कुणाची गोष्ट बाहेर गेली नाही," हे मावशी छाती पुढे काढून सांगत, आणि ते खरंही होतं. ऐकत त्याही होत्या. बोलत नव्हत्या इतकंच.

पुढे यंत्रं आली, दोर गेले, मावशींना कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. नवरा गेला. मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. घरात त्या आणि सून. सून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. दिवसभर आपल्या खोलीत संगणकापुढे बसलेली असायची. भांडण असं दोघींत नव्हतं. पण मावशींना बोलायला माणूस हवं असायचं आणि सुनेला कामात शांतता. अशा घरात रिकामा वेळ अंगावर येतो. म्हणून एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीने जेव्हा सांगितलं, "अगं, ऐकायचं आणि टाइप करायचं, असं काम आहे. तुझ्यासाठीच काढलंय जणू," तेव्हा मावशींनी फार विचार केला नाही.

ऑफिस एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वर होतं. खिडक्यांना काळी फिल्म, पायाखाली गालिचा, लांबच लांब टेबलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन. दाराशी लोखंडी कप्पे होते. आपापला फोन तिथे कुलपात टाकल्याशिवाय कुणालाही आत सोडत नसत. सगळे कामगार त्यांच्या मुलाच्या वयाचे, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या. वरचा साहेब तेवढा त्यांना मॅडम म्हणायचा. त्याला पोरांनी 'घड्याळ' असं नाव ठेवलं होतं. एखाद्या आवाजाला जरा जास्त वेळ लागला की तो खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. बोलायचा काही नाही, नुसता उभा राहायचा.

काम सोपं होतं. फोनला त्याच्या नावाने हाक मारली की तो जागा होतो आणि पुढचं बोलणं ऐकतो, हे हल्ली कुणालाही माहीत आहे. ते बोलणं यंत्राला नीट समजलं की नाही, हे तपासायला मात्र माणूस लागतो. म्हणून त्यातले काही तुकडे या मजल्यावर यायचे. कुणाचं नाव नाही, नंबर नाही, नुसता आवाज. तो ऐकायचा, शब्द न शब्द टाइप करायचा, मागे कोण काय बोलतंय तेही लिहायचं आणि शेवटी एक बटण दाबायचं: 'हाक मारली', 'चुकून जागा झाला' किंवा 'बोलणं नाही'. कासव झोपतं का, असं कुणी विचारायचं. एक गृहस्थ फोनपुढे माफी मागायची तालीम करायचे, बहुधा बायकोची. मावशींना हसू यायचं.

'चुकून जागा झाला' या तुकड्यांचं मात्र हसू यायचं नाही. भांडं पडलं, कुणी खोकलं, टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली की फोनला वाटायचं आपल्यालाच हाक मारली. तो जागा व्हायचा आणि गप्प राहून ऐकत बसायचा. मग डॉक्टरचं बोलणं यायचं, नवराबायकोची वादावादी यायची, नुसतं रडणं यायचं. रडण्याला 'बोलणं नाही' हे बटण होतं.

यातलं काही बाहेर बोलायचं नाही, आपण काय काम करतो हेही नाही, अशा कागदावर सही घेतलेली होती. मावशींनी घरी सांगितलं, "भाषेचं काम आहे." सुनेने विचारलं, "कुठल्या भाषेचं?" त्या म्हणाल्या, "आपल्याच." विषय तिथे संपला.

तिथल्या एकूण एक माणसाने पहिल्या आठवड्यातच आपापल्या फोनमधली ती हाकेची सोय बंद करून टाकली होती. मावशींनीही एका पोराकडून बंद करून घेतली. सुनेच्या फोनमधली राहिली. बंद कर म्हणावं तर कशासाठी, हे सांगावं लागलं असतं. आणि एवढ्या मोठ्या दुनियेतून आपल्याच घरातला आवाज फिरून आपल्याच कानाशी येईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

तो आला तेव्हा मावशींनी तो ओळखलाच नाही.

एक तरुण बाई दबक्या आवाजात बोलत होती. तोंडापुढे हात धरला असावा, कारण शब्द कोंदट येत होते. "ताई, गेलं गं. ठोकेच नाहीत म्हणाले. काल सगळं करून आले एकटीच." मग बराच वेळ श्वास. "नाही, ह्याला नाही सांगितलं. तो आला की समोर बसून सांगेन. आईंना तर नकोच. त्या वाईट नाहीत गं, पण त्या माझ्याकडे बघत राहतील. ते मला नाही झेपणार." आणि मागे, लांबून, एक कर्कश आवाज: "अगं टाकी वाहतेय! मोटर बंद कर आधी! कान फुटलेत का सगळ्यांचे?"

मावशींना त्या मागच्या बाईचा राग आला. बिचारी पोर कुठल्या दुःखात आहे आणि या बाईला टाकीची पडलीये! कुणाच्या घरात काय जळतंय याचा पत्ता नसतो आणि नुसत्या खेकसत सुटतात. त्यांनी टाइप केलं: 'मागे वयस्कर बाई, चिडलेली.' एक शब्द नीट कळला नव्हता म्हणून तुकडा पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात थांबला. "कान फुटलेत का सगळ्यांचे" हे वाक्य त्या स्वतः रोज म्हणायच्या.

आपला आवाज आपल्याला कधी बाहेरून ऐकू येत नाही. मावशींना तो असा, हेडफोनमधून, परक्या बाईचा म्हणून ऐकू आला. मग ती दबक्या आवाजातली मुलगी कोण, हे कळायला काही उरलं नाही. सुनेचा आवाज त्यांनी ओळखायला हवा होता. पण त्या आवाजात सून त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती.

मागे घड्याळ येऊन उभं राहिलं. मावशींनी 'चुकून जागा झाला' हे बटण दाबलं. तुकडा निघून गेला; एकदा गेलेला तुकडा परत मागवता येत नसे. पुढच्या तुकड्यात एक मुलगा अंडी किती वेळ उकडायची ते विचारत होता. मावशींनी तेही टाइप केलं.

हे आवाज यायला काही आठवडे लागत. म्हणजे सून कधीच एकटी जाऊन सगळं सोसून आली होती आणि त्यानंतरही मावशींनी दर दोन दिवसांनी तिला टोमणे मारले होते. "आमच्या वेळी कामं सांभाळून दोन-दोन पोरं झाली." "चित्रातली मुलं पुरेत की घरात एखादं आणायचंय?" एकेक आठवून त्यांना जीव नकोसा झाला.

त्या दिवसापासून मावशी बदलल्या. बादली सुनेच्या हातातून काढून घेऊ लागल्या. सकाळी लवकर उठून स्वतःच सगळं उरकू लागल्या. "तू बस गं," हे दिवसातून कितीदा तरी. टोमणे तर बंदच झाले. रात्री जेवताना त्या ताटाकडे बघत जेवायच्या, सुनेकडे बघायचं नाही म्हणून. आणि अधूनमधून बघितल्याशिवाय त्यांना राहवतही नसे. सुनेला आधी बरं वाटलं, मग नवल वाटलं, मग ती सावध झाली.

एके दिवशी समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि सवयीने बोलून गेल्या, "काय गं, गोड बातमी कधी देतेस?" सून काही म्हणायच्या आत मावशी कडाडल्या, "तिला नका विचारू काही. आत्ता कुठे सावरतेय ती."

काकू वाटी ठेवून गेल्या. सून तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कशातून सावरतेय, आई?"

आयुष्यभर जी जीभ त्यांनी आवरली होती, ती नेमकी मायेपोटी सुटली होती.

"ताईने सांगितलं ना तुम्हाला?" सुनेने विचारलं. "तिच्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. ह्यालासुद्धा नाही."

नाही, एवढाच एक शब्द म्हणायचा होता. पण नाही म्हटलं की पुढे मग कुणी, हा प्रश्न आलाच. मावशी म्हणाल्या, "जाऊ दे ना आता. कशाला खोदून काढतेस?" याचा अर्थ जगात कुणीही 'हो' असाच घेईल. सुनेनेही घेतला.

त्या बहिणींचं सांगायला हवं. आई लहानपणीच गेलेली, वडील असून नसल्यासारखे. थोरलीने धाकटीला वाढवलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, शाळेत पालक म्हणून ती सही करायची, स्वतः अजून परकरात असताना. सुनेला माहेर म्हणून जे काही होतं ते ती ताई. त्या संध्याकाळी सुनेने तिला फोन लावला आणि मावशींना भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. "शपथ घेऊ नकोस. तुला सांगितलं होतं कुणाला सांगू नकोस म्हणून. तू माझ्या सासूला सांगितलंस? माझ्या सासूला?" त्यानंतर फोन आपटल्याचा आवाज. त्यानंतर 'बोलणं नाही'.

मावशी भिंतीपाशी उभ्या होत्या. दोन पावलं टाकून दार वाजवायचं होतं. त्या मनाशी म्हणाल्या, उद्या सांगू. जरा निवळू दे.

निवळलं नाही. मुलगा जहाजावरून आला, त्याला सगळं कळलं, तो बायकोला धरून रडला आणि रजा संपल्यावर पुन्हा गेला. तोही ताईवर चिडून गेला. बहिणींचं बोलणं बंदच राहिलं. मग एकदा ताई स्वतः आली. हातात पिशवी, पिशवीत धाकटीच्या आवडीचं काहीबाही. सून खोलीतून बाहेर आली नाही. ताई मावशींसमोर बसली, पाण्याचा पेला हातात धरून; प्यायली मात्र नाही.

"तुम्हीच सांगा मला," ती म्हणाली. "मी कधी आले होते तुमच्याकडे? मी तुम्हाला एका शब्दाने तरी बोलले का?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. अगदी हळू, खोलीपर्यंत जाणार नाही इतक्या.

"मग तिला सांगा ना. तुमचं ऐकेल ती. मला वेड लागायची पाळी आलीय. मी झोपेत बोलले का, कुणाला चुकून बोलले का, सगळं आठवून बघितलं."

"सांगते," मावशी म्हणाल्या.

ताई पिशवी ठेवून गेली. मावशींनी सांगितलं नाही. स्वतःला त्या बजावत राहिल्या की कागदावर सही आहे, कंपनी कोर्टात खेचेल, या वयात कुठे निस्तरत बसणार. ही भीती खोटी नव्हती. पण खरी भीती वेगळी होती आणि ती त्यांना पक्की ठाऊक होती. आपण ऐकलं हे कळल्यावर सून आपल्याकडे कशी बघेल, ती नजर त्यांना झेपणार नव्हती. दोन बायका एकमेकींच्या नजरेला भ्यायल्या आणि त्यात तिसरी हकनाक भरडली गेली.

मग सरकारने कंपनीला दंड केला.

कुणीतरी आतलंच माणूस फुटलं होतं म्हणे. दंडाचा आकडा एवढा होता की बातम्या देणारी बाईसुद्धा वाचताना अडखळली. मंत्री म्हणाले, नागरिकांच्या खासगीपणाशी खेळ खपवून घेतला जाणार नाही. कंपनी म्हणाली, अगदी थोड्याशा, प्रशिक्षित भाषातज्ज्ञांनी अगदी थोडंसं ऐकलं, तरी आम्ही दिलगीर आहोत. ऑफिसात घड्याळाने सगळ्यांना उभं केलं आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच वेळ घेऊन बोलला. काम आजपासून बंद. सगळे आवाज पुसून टाकायचा हुकूम आहे. आपापले कप घेऊन जा.

"म्हणजे दंड सरकारला, माफी लोकांना आणि नारळ आपल्याला," शेजारचा पोरगा म्हणाला. सगळे हसले. मावशीही हसल्या आणि हसता हसता त्यांना कसंतरीच झालं. भाषातज्ज्ञ! नवऱ्याला सांगितलं असतं तर तो लोळून हसला असता.

घरी आल्या तेव्हा सून बाहेरच्या खोलीत फोनवर तीच बातमी वाचत होती.

"बघितलंत का, आई? माणसं बसून ऐकत होती म्हणे. पगार घेऊन. लाज कशी वाटली नाही?"

मावशींच्या हातात ऑफिसमधला कप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं. सगळं. भाषेचं काम म्हणजे काय ते, काळ्या काचांचं ऑफिस, बटणं, आणि तो तुकडा. सांगताना त्यांना वाटत होतं, आता ओरडेल, निदान रडेल. सून नुसती ऐकत होती.

"काय ऐकलंत?" तिने विचारलं. "शब्द न शब्द सांगा."

आणि मावशींनी सांगितलं. कानात बसलेलं जसंच्या तसं बाहेर आलं. गेलं गं. ठोकेच नाहीत म्हणाले. जिथे श्वास होता तिथे त्या थांबल्या. त्या वाईट नाहीत गं. ते मला नाही झेपणार. शेवटी टाकी वाहतेय, कान फुटलेत का, हेही त्यांनी सांगितलं, त्याच कर्कश सुरात, कारण काम करताना सूरही लक्षात ठेवायची सवय लागली होती. ते वाक्य तोंडातून गेल्यावर मात्र त्यांना पुढे उभं राहवेना. त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

सून त्यांच्याजवळ आली नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ताई खरं बोलत होती."

तिने तिथल्या तिथे ताईला फोन लावला. खूप वेळ वाजला तेव्हा कुठे उचलला गेला. सून भराभर बोलत होती. माझं चुकलं, तू नव्हतं सांगितलंस, फोनने ऐकलं, आजच्या बातम्यांत आलंय बघ, ताई, माझं चुकलं. पलीकडून ताईचा आवाज आला. ती चिडलेली नव्हती. मावशींना तो लांबूनही लख्ख ऐकू आला. ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी पदर कानावर दाबला तरीही आला.

"मी माझ्या तोंडाने सांगत होते तेव्हा तुला पटलं नाही. आता सरकारने सांगितलं म्हणून पटलं. बरं झालं. काळजी घे."

फोन ठेवला गेला. सुनेने नंतर पुन्हा पुन्हा लावून बघितला. ताई उचलायची, कशी आहेस विचारायची, कामं आहेत म्हणून ठेवायची. भांडण मिटलं होतं. बाकी काही उरलं नव्हतं.

घरात आता फार शांतता असते. सून मावशींना टाकून बोलत नाही. औषध घेतलंत का, भाजी काय आणू, एवढं ती नेमाने विचारते. मुलाचा फोन आला की मात्र ती चपला घालून खाली जाते आणि रस्त्याच्या टोकाशी उभी राहून बोलते, थंडी असो की ऊन. मावशी खिडकीतून बघतात. ओठ हलताना दिसतात.

मध्यंतरी कंपनीने सगळ्यांना एक संदेश पाठवला. दंडासोबत तसा हुकूमच होता. मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, तुमचं बोलणं आम्ही ऐकून तपासलं तर चालेल का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. दुपारची वेळ होती. दोघी एकाच टेबलाशी बसल्या होत्या, मावशी शेंगा सोलत. सुनेने संदेश वाचला आणि 'नाही' दाबलं. मग फोन पालथा ठेवून ती मावशींकडे बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती खरंच विचारत होती.

"तुमच्या कानासाठी असं काही असतं का हो, आई?"

मावशी शेंगा सोलत राहिल्या. सून उठून आपल्या खोलीत गेली. तिने दार अगदी हळू लावलं, कडीही जपून सरकवली. मावशींना ती सरकलेली ऐकू आली.